वूफरचा एक्स-मॅक्स कसा वाचावा: एका आकड्यामागचे तीन आलेख

वूफरच्या, म्हणजे खालचे स्वर वाजवणाऱ्या स्पीकरच्या, डेटाशीटवर ‘एक्स-मॅक्स’ या नावाखाली एक आकडा छापलेला असतो. कोन विश्रांतीच्या जागेपासून एका बाजूला किती सरकेपर्यंत आवाज फारसा बिघडत नाही, हे तो सांगतो, आणि पेटी बांधायला निघालेला बहुतेक माणूस त्याच्याकडे कपड्याच्या मापासारखा पाहतो. ४ मिलिमीटर म्हणजे ४ मिलिमीटर, असा त्याचा हिशेब असतो. हा आकडा कोणत्या पद्धतीने काढला, वूफरचा कोणता भाग आधी हरला आणि किती विकृती चालेल असे मोजणाऱ्याने धरले होते, हे कळल्याशिवाय दोन वूफरांची तुलना करता येत नाही आणि पेटीचे गणितही खरे ठरत नाही. मोठ्या सिग्नलवर घेतलेले मोजमाप हाती असेल, तर या प्रश्नांची उत्तरे त्यातल्या आलेखांत सापडतात. ती कशी शोधावीत हे येथे एका साडेसहा इंची वूफरच्या आधाराने मांडले आहे. त्याचे आकडे मी उदाहरणासाठी बांधले आहेत, पण अशा मापाच्या वूफरमध्ये दिसतात त्याच आवाक्यातले ते आहेत.

कोनाचे परिणामी क्षेत्रफळ १३० चौरस सेंटिमीटर, कॉइलचा डीसी रोध ६ ओहम, बीएल (चुंबकीय क्षेत्र गुणिले त्यातल्या तारेची लांबी, म्हणजे चुंबक आणि कॉइल मिळून होणाऱ्या मोटरचा जोर) ६.५ टेस्ला-मीटर, कोनाला धरणाऱ्या निलंबनाची लवचीकता म्हणजे सीएमएस दर न्यूटनला १ मिलिमीटर आणि हलणारे वस्तुमान १५ ग्रॅम. यावरून मोकळ्या हवेतली अनुनाद वारंवारता सुमारे ४१ हर्ट्झ येते आणि व्हीएएस, म्हणजे निलंबनाइतकीच लवचीक असलेल्या हवेचे आकारमान, सुमारे २४ लिटर येतो. व्हॉइस कॉइलची, म्हणजे कोन हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याची, गुंडाळी १४ मिलिमीटर उंच आहे आणि ती ज्या फटीत हलते त्या चुंबकीय गॅपची उंची, म्हणजे टॉप प्लेटची जाडी, ६ मिलिमीटर आहे.

भूमितीचा आकडा

सर्वांत जुनी पद्धत मोजपट्टीची आहे. गॅपपेक्षा उंच कॉइल असलेल्या वूफरमध्ये कॉइलच्या उंचीतून गॅपची उंची वजा करून निम्मे केले की एक्स-मॅक्स मिळतो. आपल्या वूफरला तो ४ मिलिमीटर येतो. याचा अर्थ इतकाच की कोन एका बाजूला ४ मिलिमीटर सरकेपर्यंत गॅप कॉइलच्या वेटोळ्यांनी पूर्ण भरलेला राहतो. काही उत्पादक यात गॅपच्या उंचीचा एक चतुर्थांश किंवा एक तृतीयांश भाग मिळवतात, कारण टॉप प्लेटच्या कडेबाहेरही चुंबकीय क्षेत्र थोडे पसरलेले असते. तसे केले तर हाच वूफर कागदावर ५.५ किंवा ६ मिलिमीटरचा होतो, आणि त्यात धातूचा एक कणही बदललेला नसतो. एखादे डेटाशीट दोन्ही बाजूंची मिळून, म्हणजे शिखर ते शिखर हालचाल देते, तेव्हा आकडा थेट दुप्पट दिसतो. म्हणून पहिले काम हे की आकड्याशेजारी कॉइलची आणि गॅपची उंची दिली आहे का ते पाहावे आणि वजाबाकी स्वतः करून घ्यावी.

भूमितीच्या आकड्याला स्पायडरविषयी, म्हणजे कॉइलला मध्यावर धरणाऱ्या लवचीक चकतीविषयी, काहीच माहिती नसते, आणि इंडक्टन्सविषयीही, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला कॉइल करते त्या विरोधाविषयीही, नसते. कॉइल गॅपच्या बरोबर मध्यावर बसली आहे, असे तो गृहीत धरतो, आणि प्रत्यक्ष जोडणीत हे गृहीतक वारंवार चुकते.

मोजलेल्या मर्यादा कशा ठरतात

ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या १९८४ च्या मानकात एक्स-मॅक्सची व्याख्या वूफरची रेषीयता १० टक्क्यांनी ढळते ते विस्थापन अशी होती. पुढे जर्मनीतील ड्रेस्डेनच्या वोल्फगांग क्लिपेल यांनी मोठ्या सिग्नलवर वूफरचे गुणधर्म विस्थापनाच्या प्रत्येक बिंदूवर शोधून काढणारी मोजणी रूढ केली, आणि आयईसी ६२४५८ या मानकातही मोठ्या सिग्नलवरच्या गुणधर्मांच्या मोजणीला स्थान मिळाले. या मोजणीच्या अहवालात तीन मुख्य आलेख असतात. तिन्हींच्या आडव्या अक्षावर कोनाचे विस्थापन असते. उभ्या अक्षावर एकात बीएल, दुसऱ्यात निलंबनाची लवचीकता किंवा ताठरता आणि तिसऱ्यात कॉइलचे इंडक्टन्स असते.

प्रत्येक आलेखावरून एक मर्यादा निघते. बीएल विश्रांतीच्या मूल्याच्या ८२ टक्क्यांवर उतरते तेथे पहिली, लवचीकता ७५ टक्क्यांवर उतरते तेथे दुसरी आणि इंडक्टन्समुळे कॉइलचा इम्पिडन्स (बदलत्या प्रवाहाला होणारा एकूण विरोध) १० टक्क्यांनी बदलतो तेथे तिसरी. हे उंबरठे ढोबळमानाने १० टक्के विकृतीशी जुळवलेले आहेत. सबवूफरसाठी मात्र पुष्कळदा ७० टक्के बीएल, ५० टक्के लवचीकता आणि २० टक्के विकृती असे सैल उंबरठे धरले जातात, कारण खालच्या स्वरांतली विकृती कानाला कमी बोचते. एका वूफरचा अहवाल ८२ टक्क्यांवर आणि दुसऱ्याचा ७० टक्क्यांवर काढलेला असेल, तर त्यांचे आकडे शेजारी मांडून पाहणे व्यर्थ आहे. मात्र आलेख हाती असला की हवा तो उंबरठा आपणच आखू शकतो, आणि मी तो नेहमी स्वतः आखून पाहतो.

आपल्या वूफरच्या अहवालात बीएलची मर्यादा ३.९, लवचीकतेची २.९ आणि इंडक्टन्सची ३.८ मिलिमीटर आहे, असे समजू. नियमाने बोलायचे तर सर्वांत लहान आकडा म्हणजे २.९ हाच एक्स-मॅक्स ठरतो. पण येथे थांबणे घाईचे होईल.

बीएलचा आलेख

हा आलेख उलट्या वाटीसारखा असतो, मध्ये सपाट आणि दोन्ही बाजूंना उतरणारा. प्रथम उतार दोन्ही बाजूंना सारखा आहे का ते पाहावे. अहवालात बहुधा त्याच वक्राची आरशातली प्रतिमा तुटक रेषेने काढलेली असते. दोन्ही रेषा एकमेकींवर बसल्या तर कॉइल मध्यावर आहे. आपल्या वूफरमध्ये बाहेरच्या बाजूला बीएल ४.९ मिलिमीटरवर ८२ टक्क्यांना पोहोचते आणि आतल्या बाजूला ३.९ वरच पोहोचते, म्हणजे वाटीचा मध्य अर्धा मिलिमीटर बाहेर सरकलेला आहे. याचा अर्थ कॉइल विश्रांतीच्या वेळी अर्धा मिलिमीटर जास्त आत बसली आहे. ती मध्यावर आणली असती तर दोन्ही बाजूंना ४.४ मिलिमीटर मिळाले असते. मोटर चांगली असूनही जोडणीत अर्धा मिलिमीटर वाया गेला, हे एका आकड्यातून कधीच कळले नसते.

मध्याची ही चूक वाचताना आलेखाच्या मधल्या सपाट भागावर विसंबू नये, कारण तेथे वक्र इतका आडवा असतो की मध्य कुठेही दाखवता येईल. ३ ते ४ मिलिमीटरच्या आसपास दोन्ही बाजूंची सारखी बीएल असलेली ठिकाणे शोधून त्यांचा मध्य काढावा. विस्थापन बदलले तरी हा मध्य त्याच ठिकाणी राहत असेल, तर दोष कॉइलच्या जागेचा आहे आणि जोडणी बदलून तो दुरुस्त होतो. विस्थापनाबरोबर मध्यही सरकत असेल, तर टॉप प्लेटच्या वर आणि खाली क्षेत्र वेगवेगळे पसरले आहे, म्हणजे दोष पोल पीसच्या (कॉइलच्या आतल्या लोखंडी खांबाच्या) घडणीत आहे, आणि कॉइल हलवून तो पूर्ण जात नाही.

बीएलच्या असमतोलाचा आणखी एक परिणाम पुष्कळांच्या लक्षात येत नाही. अनुनादाच्या वरच्या वारंवारतांवर असा वूफर मोठ्या आवाजात वाजू लागला की कॉइल हळूहळू बीएलच्या शिखरापासून दूर सरकते. कोन मागेपुढे हलत असतो आणि त्या हालचालीचा मध्यच एका बाजूला ढळतो. आपल्या वूफरमध्ये शिखर बाहेर आहे, म्हणून कॉइल आत ढकलली जाईल, म्हणजे जिकडे जागा आधीच कमी आहे तिकडेच. अर्ध्या मिलिमीटरची जोडणीची चूक अशी वाढत जाते.

लवचीकतेचा आलेख आणि पेटी

निलंबनाचा आलेख वाचताना सर्वांत जास्त विवेक लागतो, आणि सर्वांत जास्त चुकाही येथेच होतात, असे माझे मत आहे. कारण हा आलेख वूफर मोकळ्या हवेत असताना काढलेला असतो आणि वूफर वाजतो पेटीत.

आपला वूफर ८ लिटरच्या बंद पेटीत बसवला असे समजू. व्हीएएस २४ लिटर असल्यामुळे पेटीतल्या हवेची ताठरता निलंबनाच्या तिप्पट होते. म्हणजे कोनाला मागे खेचणाऱ्या एकूण स्प्रिंगच्या चार भागांपैकी तीन भाग हवेचे आणि एकच भाग स्पायडर आणि सराउंड (कोनाच्या कडेची लवचीक पट्टी) यांचा असतो. २.९ मिलिमीटरवर लवचीकता ७५ टक्के झाली, म्हणजे निलंबनाची ताठरता एक तृतीयांशाने वाढली. पण एकूण ताठरतेत तो फरक एक द्वादशांश, म्हणजे सुमारे ८ टक्केच पडतो. इतक्या लहान विस्थापनात हवेची स्प्रिंग पुष्कळ सरळ वागते, म्हणून या पेटीत लवचीकतेची २.९ ची मर्यादा मागे पडते आणि बीएलची ३.९ व इंडक्टन्सची ३.८ पुढे येतात, कारण मोटरच्या दोषांवर पेटीचा काहीच उपाय चालत नाही. उलट हाच वूफर ४० लिटरच्या पेटीत किंवा उघड्या बॅफलवर, म्हणजे मागे पेटी नसलेल्या फळीवर, बसवला, तर २.९ लाच खरी मर्यादा मानणे भाग आहे.

या आलेखाबाबत दोन सावधगिरीच्या गोष्टी आहेत. स्पायडर वापराने मऊ होतो, तापमानाने आणि आर्द्रतेनेही बदलतो, त्यामुळे नव्याकोऱ्या नमुन्यावरची मोजणी ही वर्षभर वाजलेल्या वूफरची मोजणी नसते. दुसरे म्हणजे आलेखाचा वक्र बहुपदीने बसवलेला असतो, आणि मोजणीच्या वेळी कोन प्रत्यक्ष जेथवर पोहोचला त्याच्या पलीकडचा भाग केवळ अंदाजाने पुढे ओढलेला असतो. टोकाला वक्र एकाएकी उसळताना किंवा कोसळताना दिसला, तर तो स्पायडरचा गुण आहे की गणिताचा, हे मोजलेल्या कमाल विस्थापनाशी ताडून पाहावे.

इंडक्टन्स

कॉइल आत जाते तेव्हा तिच्या आत लोखंडाचा पोल पीस जास्त येतो आणि इंडक्टन्स वाढते. बाहेर येते तेव्हा ते घटते. म्हणून हा आलेख एका बाजूला झुकलेला असणे स्वाभाविक आहे, आणि तो किती झुकला आहे यावरून पोलवर तांब्याची टोपी किंवा ॲल्युमिनियमचे कडे घातले आहे का, याचा अंदाज येतो. याचा त्रास खालच्या स्वरांना फारसा होत नाही. तो होतो मधल्या स्वरांना, म्हणजे बासने कोन हलवला की त्याच वूफरमधून येणारा गायकाचा आवाज त्या तालावर दबतो आणि उघडतो. हे तपासण्यासाठी दोन स्वर एकाच वेळी देण्याची पद्धत आहे. एक स्वर अनुनाद वारंवारतेचा आणि दुसरा तिच्या साडेआठपट वारंवारतेचा असतो, आणि पहिला दुसऱ्याच्या चौपट व्होल्टेजचा ठेवतात. मग खालच्या स्वराची हार्मोनिक विकृती (त्याच्या दुप्पट, तिप्पट अशा वारंवारतांवर उपजणारी) किंवा दोघांच्या मिश्रणातून उपजलेली विकृती, यांपैकी जी आधी १० टक्के ओलांडते, त्या विस्थापनाला मर्यादा मानतात. निव्वळ सब म्हणून ८० हर्ट्झच्या खाली वाजणाऱ्या वूफरला इंडक्टन्सची मर्यादा मी सैल धरतो. दोन-मार्गी स्पीकरमध्ये मात्र ती कधीच दुर्लक्षित करू नये.

मोडतोडीची मर्यादा

वरच्या तिन्ही मर्यादा विकृतीच्या आहेत. त्यांच्यापलीकडे मोडतोडीची मर्यादा असते, आणि ती डेटाशीटवर वेगळ्या नावाने येते किंवा येतच नाही. रिकोन करणाऱ्या, म्हणजे वूफरचा कोन आणि कॉइल बदलून देणाऱ्या, कारागिराकडे जळालेल्या कॉइलींबरोबर चेपलेल्या कॉइलीही दिसतात. अशी कॉइल हातात घेऊन नखाने कड चाचपली की फॉर्मरचे (तार ज्यावर गुंडाळतात त्या नळीचे) खालचे टोक छत्रीसारखे बाहेर पसरलेले आणि त्यावरची वार्निश टवके उडून गेलेली जाणवते. ती बॅक प्लेटवर आपटलेली असते. स्पायडर टॉप प्लेटला टेकणे, सराउंड पूर्ण ताणून सरळ होणे किंवा कोनाकडे जाणाऱ्या विणलेल्या तारा स्पायडरवर फटफटणे, हीदेखील याच मर्यादेची रूपे आहेत. एक्स-मॅक्स आणि ही मर्यादा यांत किती अंतर आहे, यावर वूफर चुकीला किती क्षमा करतो हे ठरते.

साधनांशिवाय घरी काय मोजता येते

लेसर किंवा खास यंत्र नसले तरी मापनाचा माइक आणि विकृती दाखवणारे सॉफ्टवेअर असेल तर बरेच काही कळते. माइक कोनाच्या मध्यासमोर, कोन पुढे येऊन आपटणार नाही इतक्याच अंतरावर, एका सेंटिमीटरच्या आसपास ठेवावा. इतक्या जवळ खालच्या वारंवारतांवर खोलीचा प्रभाव जवळजवळ नाहीसा होतो. डी. बी. कील यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या या निकट-क्षेत्र मोजणीत दाब आणि कोनाचे विस्थापन यांचे नाते सरळ आहे. पास्कलमधला शिखर दाब भागिले हवेची घनता, कोनाची मीटरमधली त्रिज्या आणि कोनीय वारंवारतेचा वर्ग यांचा गुणाकार, म्हणजे मीटरमधले शिखर विस्थापन. आपल्या वूफरची त्रिज्या ६.४ सेंटिमीटर आहे. ४० हर्ट्झवर ३.८ मिलिमीटर हालचाल झाली तर निकट माइकला सुमारे ११६ डेसिबल दिसतील. स्वस्त माइक अशा पातळीवर स्वतःच विकृती आणू लागतो, म्हणून त्याची कमाल पातळी आधी तपासून घ्यावी.

व्होल्टेज एकेका डेसिबलने वाढवत न्यावे, प्रत्येक पायरीला स्वर एखाद-दोन सेकंदच द्यावा आणि मध्ये कॉइल थंड होऊ द्यावी. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. कॉइल शंभर अंशांनी तापली तर आवाज जवळपास ३ डेसिबलने घटतो, आणि आपण त्याला कोनाची मर्यादा समजून बसतो. दुसरे हार्मोनिक आधी वाढले तर असमतोल आहे, म्हणजे कॉइल मध्यावर नाही किंवा निलंबन एका बाजूला मऊ आहे. तिसरे वाढले तर दोन्ही बाजूंना सारखाच उतार लागला आहे, म्हणजे खरी मर्यादा जवळ आली.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावीच लागते. माइक दाब मोजतो, आणि समान विस्थापनाला वारंवारता दुप्पट झाली की दाब चौपट आणि तिप्पट झाली की नऊपट होतो. म्हणून माइकला ४० हर्ट्झच्या स्वरात १० टक्के तिसरे हार्मोनिक दिसले, तर कोनाच्या हालचालीत ते सव्वा टक्क्याहूनही कमी असते. विद्युत प्रवाहावरून, लेसरवरून आणि माइकवरून काढलेले १० टक्के ही तीन वेगळी १० टक्के आहेत. एकाच वूफरवरून दोन जाणकारांत वाद होतो, तो पुष्कळदा याच फरकामुळे होतो.

मिलिमीटरचे व्होल्ट

मर्यादा ठरली की ती ॲम्प्लिफायरच्या भाषेत आणावी. बंद पेटीत अनुनादाच्या बऱ्याच खाली कोनाचे विस्थापन म्हणजे बीएल गुणिले प्रवाह भागिले एकूण ताठरता. ८ लिटरच्या पेटीत ताठरता दर मिलिमीटरला ४ न्यूटन झाली, म्हणून ३.८ मिलिमीटरला १५.२ न्यूटन बल लागते, त्यासाठी २.३४ अँपिअर प्रवाह आणि ६ ओहमवर सुमारे १४ व्होल्ट शिखर, म्हणजे १० व्होल्ट आरएमएस. वूफरचा नाममात्र इम्पिडन्स ८ ओहम धरला तर हे साडेबारा वॅटही भरत नाहीत. पाकिटावर ६० किंवा १०० वॅट लिहिलेला वूफर खालच्या स्वरांत साडेबारा वॅटना थकतो, यात काही खोटे नाही, कारण पाकिटावरचा आकडा कॉइलच्या उष्णतेचा असतो. याच हालचालीवर ४० हर्ट्झला एक मीटरवर, भिंतीत बसवल्यासारख्या स्थितीत, सुमारे ८६ डेसिबल मिळतील आणि ८० हर्ट्झला ९८, कारण त्याच विस्थापनावर वारंवारता दुप्पट झाली की १२ डेसिबल वाढतात.

पोर्टेड, म्हणजे हवेसाठी नळी ठेवलेल्या, पेटीत हिशेब बदलतो. ट्यूनिंगच्या, म्हणजे नळीतली हवा अनुनादात येते त्या, वारंवारतेवर कोन जवळजवळ स्थिर असतो, पण तिच्या खाली पेटीतल्या हवेचा आधार निघून जातो आणि कोन मोकळ्या हवेत असल्यासारखा वागतो. तेथे आपल्या वूफरला १० व्होल्ट शिखर दिले तरी गणित १०.८ मिलिमीटर सांगते, म्हणजे थेट मोडतोडीच्या प्रदेशात. गणेशोत्सवाच्या मांडवात लावलेल्या मोठ्या पोर्टेड सबवूफरांनाही हेच लागू पडते. ट्यूनिंगच्या किंचित खाली दर सप्तकाला २४ डेसिबलचा हाय-पास फिल्टर (त्याखालचे स्वर अडवणारा) लावणे ही तेथे सक्तीची गोष्ट मानावी.

सर्व झाल्यावर पेटी बंद करण्यापूर्वी एकदा पडताळणी करावी. ८ लिटरच्या बंद पेटीत ४० हर्ट्झचा स्वर १० व्होल्ट आरएमएसवर एक सेकंद द्यावा. निकट माइकला ११६ ते ११७ डेसिबल दिसले, तर गणित आणि वूफर यांचे जुळले. दोन-तीन डेसिबल जास्त दिसले तर पेटीतून हवा गळते आहे किंवा प्रत्यक्ष निलंबन अहवालातल्यापेक्षा मऊ आहे. कमी दिसले तर बीएल किंवा कॉइलचा रोध पुन्हा मोजावा, आणि तोवर लिमिटर १० व्होल्टच्या खालीच ठेवावा.